‘काही अडचण नाही ना?’ : टीममधील माणसांनी मोकळेपणाने बोलावे यासाठी प्रमुखाने काय करावे

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळत असताना एका सोमवारी ग्राहकाकडून ३४० नग परत आले. बोअरचा, म्हणजे नगातल्या गोल छिद्राचा, व्यास ठरलेल्या मर्यादेच्या किंचित बाहेर गेला होता. शोध घेतला तेव्हा कळले, की रात्रपाळीच्या एका ऑपरेटरला आधीच्या गुरुवारीच शंका आली होती. एकाच नगावर दोनदा बोअर गेज (छिद्राचा व्यास मोजण्याचे उपकरण) लावले, तर दोन वेगळी रीडिंग मिळत होती. “मग सांगितलं का नाहीस?” असे मी विचारल्यावर तो खाली पाहत म्हणाला, “सर, दिवाळीच्या आधी एकदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी हात नीट बसव, मग गेजला नावं ठेव.” मला ते वाक्य आठवतही नव्हते. त्याला मात्र ते मी कुठे उभा राहून म्हणालो, हेसुद्धा आठवत होते.

पुढील सूचना त्या सोमवारनंतरच्या काही वर्षांत चुकतमाकत जमलेल्या आहेत. त्या कारखान्यातल्या असल्या, तरी बँकेची शाखा, रुग्णालयाचा वॉर्ड, सॉफ्टवेअरची टीम किंवा शाळेतील शिक्षकवर्ग अशा, दहा-पंधरा माणसांवर एक प्रमुख असलेल्या कोणत्याही ठिकाणी त्या थोड्याफार फरकाने लागू पडाव्यात.

शंका विचारली, चूक कबूल केली, मदत मागितली किंवा साहेबांपेक्षा वेगळे मत दिले, तर आपला पाणउतारा होणार नाही आणि कोणी आपल्यावर डूख धरणार नाही, असा टीममधील सर्वांचा मिळून जो विश्वास असतो, त्याला व्यवस्थापनशास्त्रात मानसिक सुरक्षितता म्हणतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांच्या १९९९ मधील शोधनिबंधामुळे ही संज्ञा कामाच्या टीमच्या संदर्भात रूढ झाली. त्याआधी रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना त्यांना एक कोडे पडले होते. ज्या टीमचे आपसांतले काम अधिक चांगले, त्यांच्याच नावावर अधिक चुका नोंदलेल्या दिसत होत्या. त्यांनी लावलेला उलगडा असा, की त्या टीमच्या हातून चुका जास्त घडत नसाव्यात. तिथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या, एवढेच. हे वाचले तेव्हा मला आमच्या भिंतीवरचा रिजेक्शनचा, म्हणजे नाकारलेल्या नगांचा, तक्ता आठवला. ते ३४० नग ज्या लाइनवरून गेले, त्या लाइनचा रकाना महिनाभर सर्वांत स्वच्छ होता आणि तिचा सत्कार करावा, असे मीच सुचवले होते.

आधी शांततेचा अर्थ लावावा

सुरुवात टीमपुढे भाषण करून करू नये. ‘उद्यापासून सगळ्यांनी मोकळेपणाने बोलायचे’ असे जाहीर करणे म्हणजे घाबरलेल्या माणसाला आणखी एक काम लावण्यासारखे आहे. त्याऐवजी दोन आठवडे नुसते पाहावे. रोजच्या बैठकीत कोण बोलते आणि कोण कधीच बोलत नाही, याची स्वतःपुरती नोंद ठेवावी. मग मागच्या तीन वाईट बातम्या आठवाव्यात आणि प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी शोधून काढाव्यात: टीममध्ये ती सर्वांत आधी कोणाला कळली होती आणि तुमच्यापर्यंत ती केव्हा पोहोचली. या दोन वेळांमधले अंतर तासांत मोजावे. आमच्या बाबतीत ते सुमारे ऐंशी तास होते. मानसिक सुरक्षितता मोजण्यासाठी प्रश्नावल्या उपलब्ध आहेत आणि मोठ्या कंपन्यांत त्या भरून घेतल्या जातात. पण लहान टीममध्ये कोणी काय लिहिले, हे हस्ताक्षराशिवायही ओळखू येते आणि ते सर्वांना माहीत असते. त्यामुळे माझा भरवसा या तासांच्या हिशेबावर अधिक आहे.

बोलले जाते त्याचाही अर्थ लावायला शिकावे लागते. ‘बघतो सर’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘हे होणार नाही, पण ते तुमच्या तोंडावर म्हणायची माझी तयारी नाही’ असा असतो. ‘तुम्ही म्हणाल तसं’ यात संमती कमी आणि हात झटकणे जास्त असते. खरी चर्चा बैठक संपल्यावर गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर होते, हे आपण सगळेच जाणतो. तिथले बोलणे आपल्यापर्यंत आणून पोहोचवणारा एखादा ‘आपला माणूस’ प्रत्येक प्रमुखाला आपोआप मिळतो. त्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याच्याकडून मिळालेली एक बातमी वापरली, की उरलेल्यांची तोंडे कायमची बंद होतात, आणि कोणाची बातमी कुठून फुटली याचा शोध लावण्यात कामगार आपल्यापेक्षा फार हुशार असतात.

या शांततेमागे केवळ प्रमुखाचा स्वभाव असतो, असे नाही. ‘लहान तोंडी मोठा घास’ घेऊ नये आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असते, हे आपण घरातूनच शिकून कामावर आलेलो असतो. म्हणूनच समोरच्याला भित्रा ठरवण्याआधी तो काय ओलांडून आपल्यापर्यंत येतो आहे, ते लक्षात घ्यावे.

प्रश्नातला ‘ना’ काढून टाकावा

माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक बदल हा आहे. ‘सगळं व्यवस्थित आहे ना?’, ‘समजलं ना सगळ्यांना?’, ‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’, ‘काही अडचण नाही ना?’ हे आपले रोजचे प्रश्न ऐकून पाहावेत. यांतला ‘ना’ उत्तर सोबत घेऊनच येतो. ज्याला खरे सांगायचे आहे, त्याला बातमी तर द्यावी लागतेच, वर साहेबांची अपेक्षा मोडण्याचे पापही पदरी घ्यावे लागते. साहजिकच तो ‘हो सर’ म्हणतो, आणि आपण ‘मी विचारलं होतं’ या समाधानात पुढे जातो.

अडचण असणारच, हे गृहीत धरणारा प्रश्न विचारावा. ‘आज कोणत्या नगावर सर्वांत जास्त वेळ गेला?’, ‘हे नियोजन फसलं तर कुठे फसेल?’, ‘पुढच्या पाळीला तुम्ही कशाबद्दल सावध कराल?’, ‘माझ्या नजरेतून काय सुटतंय?’ अशा प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही. ‘कोणाला काही बोलायचंय का?’ हा प्रश्न तर सोडूनच द्यावा, कारण ‘कोणाला’ म्हणजे कोणालाच नाही. त्याऐवजी एकेकाला त्याच्या कामाबद्दल विचारावे: सेटरला सेटिंगबद्दल, स्टोअरमधल्या माणसाला मालाबद्दल. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसावे. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात चौथ्या आकड्याला आपणच बोलू लागतो.

आमच्याकडे पाळी बदलताना लिहायच्या वहीत ‘शेरा’ नावाचा शेवटचा रकाना होता आणि त्यात वर्षानुवर्षे ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिले जात असे. काहींनी तर शिक्का मारावा तसे संपूर्ण पानभर आधीच लिहून ठेवलेले होते. आम्ही त्या रकान्याचे नाव ‘आज काय खटकले’ असे केले, तो रिकामा सोडायचा नाही आणि त्यात ‘काही नाही’ असेही लिहायचे नाही, असा नियम घातला. पहिले काही दिवस लोक वैतागले. त्या वहीबद्दल पुढे आणखी सांगायचे आहे.

वाईट बातमी ऐकल्यानंतरचे पहिले अर्धे मिनिट

माणसे पुन्हा बोलतील की नाही, हे प्रमुखाच्या धोरणावरून ठरत नाही. कोणीतरी वाईट बातमी घेऊन आले, तेव्हा पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याने काय केले, यावरून ते ठरते. सांगणारा एक असतो, पण त्या वेळी आजूबाजूला काम करणारे दहा जण कान देऊन असतात आणि संध्याकाळपर्यंत ती हकीगत पूर्ण शॉपफ्लोअरवर पोहोचलेली असते.

त्या अर्ध्या मिनिटासाठी क्रम आधीच ठरवून ठेवावा, कारण रागाच्या भरात तो सुचत नाही. आधी ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढे म्हणावे, आणि ते नुसत्या तोंडाने न म्हणता हातातले काम बाजूला ठेवून म्हणावे. मग वस्तुस्थिती विचारावी: कधी दिसले, कुठे दिसले, किती नग गेले, अजून माल बाहेर पडतो आहे का. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न त्या वेळी विचारू नये. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळते. आधी विचारला तर मात्र बाकीची सर्व उत्तरे बदलतात. त्यानंतर त्याच्यासोबत प्रत्यक्ष जागेवर जावे. केबिनमध्ये बोलावून घेतलेला माणूस आरोपी दिसतो आणि मशीनपाशी सोबत उभा असलेला माणूस सहकारी दिसतो.

टोयोटाच्या कारखान्यांत लाइनवरील कोणीही कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून अडचण असल्याची खूण देऊ शकतो, या पद्धतीला अँडॉन म्हणतात आणि आपल्याकडे ती शिकवताना दोरीचेच वर्णन अधिक होते. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत येतो आणि आधी मदत करतो, ही तिची खरी बाजू आहे. आमच्याकडेही लाल दिवे बसवले होते. पहिल्याच आठवड्यात दिवा लावणाऱ्याला ‘लाइन का थांबवली?’ असे विचारले गेले आणि त्यानंतर ते दिवे फक्त ग्राहकाच्या ऑडिटच्या दिवशी पुसले जात.

खरी कसोटी लागते ती शंका खोटी निघाल्यावर. गेज तपासले, बरोबर निघाले, अर्धा तास वाया गेला; अशा वेळी प्रमुख काय म्हणतो, याकडे सर्वांचे लक्ष असते. ‘गेज ठीक आहे, ठरलेल्या मापाच्या सेटिंग रिंगवर तपासून पाहिलं. पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा सांग,’ हे वाक्य त्याच दिवशी, त्याच माणसापर्यंत पोहोचले पाहिजे. सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले हे कळलेच नाही, तर माणूस दुसऱ्यांदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कोणाला झापू नये, हे वेगळे सांगायची गरज पडू नये, पण पडते. समोरासमोर बोललेला टोचरा शब्द विरतो. ग्रुपवरचा राहतो, स्क्रीनशॉट होऊन फिरतो आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांसमोर वाचला जातो.

स्वतःची चूक सांगावी आणि वरचा मार स्वतःवर घ्यावा

त्या ऑपरेटरची माफी मी पाळीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर मागितली, कारण टोमणाही मी सगळ्यांसमोरच मारला होता. ‘माझ्याकडूनही चुका होतात’ असे मोघम बोलून काही साधत नाही. ते नम्रतेचे प्रदर्शन वाटते. कोणती चूक, केव्हा आणि त्यामुळे काय बिघडले, एवढे नेमके सांगावे आणि थांबावे. दर आठवड्याला एक कबुलीजबाब देण्याचा नेमही करू नये, कारण त्याचेही नाटक होते.

प्रमुखाच्या वागण्याची दुसरी बाजू टीमला दिसते ती वरून दट्ट्या येतो तेव्हा. १० ऑगस्ट १९७९ रोजी भारताच्या एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले आणि तो बंगालच्या उपसागरात पडला. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम होते आणि इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे जाऊन धवन यांनी अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र पत्रकार परिषद घ्यायला त्यांनी कलाम यांना पुढे केले. ही आठवण कलाम यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितली. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला पत्रकार परिषद येत नाही, पण महिन्याची आढावा बैठक येते, आणि तिथे ‘माझ्या टीममधल्या अमक्याने चूक केली’ असे म्हटले की ‘माझ्या विभागात चूक झाली’ असे म्हटले, हे संध्याकाळपर्यंत खाली कळलेले असते. अडीच लाखांचा माल परत आल्याबद्दल दोन तास उभे राहून ऐकून घेणे सुखाचे नसते, हे मी अनुभवाने सांगतो. तरीही त्यानंतरच्या आठवड्यात जे तिघे जण आपण होऊन माझ्याशी बोलायला आले, त्यामागे माझ्या माफीपेक्षा त्या दोन तासांचा हात जास्त असावा, असे मला वाटते.

पदाचा दबाव कमी करणारे लहान नियम

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळुरूच्या धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत पुढे आले, की सहवैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाण्याबद्दल तीनदा सांगितले होते आणि तरीही कॅप्टनने उतरणे चालूच ठेवले. विमान वाहतूक क्षेत्रात वरिष्ठ-कनिष्ठांमधल्या अशा संवादाचे प्रशिक्षण १९७७ मध्ये टेनेरिफ बेटावर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे गेली, त्यानंतर जगभर रुजत गेले. त्यात कनिष्ठाला बोलायला आणि वरिष्ठाला ऐकायला, अशा दोन्ही गोष्टी शिकवल्या जातात. आपल्या कार्यालयांतील प्रशिक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्यावर थांबतात. कनिष्ठांना ‘धीट व्हा’ असे सांगितले जाते आणि साहेब त्या प्रशिक्षणाचे उद्घाटन करून निघून जातात.

यावर काही साधे नियम उपयोगी पडतात. काम थांबवण्यासाठी एक ठरलेले वाक्य असावे, उदाहरणार्थ ‘थांबा, मला हे पटत नाही’, आणि ते कोणीही म्हटले तरी आधी थांबायचे व मग वाद घालायचा, असे सर्वांच्या संमतीने ठरवावे. वाक्य ठरलेले असले, की ते उच्चारण्यात उद्धटपणा उरत नाही. बैठकीत प्रमुखाने मत शेवटी द्यावे. लष्करी न्यायालयात मते घेताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे, ती याच कारणासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणीसूची दिली, तिच्यात चीर देण्याआधी टीममधील प्रत्येकाने स्वतःचे नाव आणि काम सांगावे, अशी पायरी आहे. ज्याने एकदा तोंड उघडले, त्याला दुसऱ्यांदा उघडणे कमी जड जाते. नवीन माणूस आला, की आम्हीही तसे करू लागलो.

सर्वांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारावी, असा फतवा काही कंपन्या काढतात. तो मला उसना वाटतो. आमचे अठ्ठावन्न वर्षांचे फोरमन सर्वांचे ‘काका’ होते आणि त्यात कोणाचे काही अडत नव्हते. लक्ष द्यायचे ते संबोधन अचानक बदलण्याकडे. रोज ‘तुम्ही’ म्हणणारा प्रमुख चिडल्यावर ‘तू’वर येतो, किंवा रोज प्रेमाने ‘तू’ म्हणणारा एकाएकी ‘आपण तर फार शहाणे’ असे म्हणू लागतो, तेव्हा पुढचे एकही वाक्य समोरच्याच्या कानात शिरत नाही.

जे आपल्या हातात नाही, त्याचे वचन देऊ नये

‘बिनधास्त बोला, काही होणार नाही’ हे वाक्य प्रमुखाने उच्चारू नये, कारण बहुतेक वेळा ते खरे नसते. कंत्राटी कामगाराला पुढच्या महिन्यात काम मिळेल की नाही, हे कंत्राटदार ठरवतो आणि त्या कामगाराला ते आपल्यापेक्षा जास्त चांगले माहीत असते. त्याने तोंड मिटून घेतले, तर तो चुकत नाही. अशा वेळी आपल्या हातात काय आहे, तेवढेच स्पष्ट सांगावे: ‘तू सांगितलेली गोष्ट तुझ्या नावाने वर जाणार नाही, हे मी पाहीन. कंत्राटाचं माझ्या हातात नाही.’ आणि मग पहिला भाग काही झाले तरी पाळावा.

मोकळेपणा म्हणजे सूट नव्हे, हेही आधीच सांगून ठेवावे. चूक करून सांगणारा, चूक करून लपवणारा आणि मशीनचे गार्ड काढून मुद्दाम काम करणारा, या तिघांना वेगवेगळी वागणूक मिळेल, हे प्रसंग घडण्याआधी माहीत असले पाहिजे. नंतर सांगितले, तर तो पक्षपात वाटतो. आणि लैंगिक छळाची तक्रार ही टीमच्या मोकळ्या चर्चेत मिटवायची बाब नाही. तिच्यासाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती नेमून दिलेली आहे आणि प्रमुखाने मध्यस्थी न करता तक्रार करणारीला तिथपर्यंत पोहोचायला मदत करावी.

तक्रारपेटीबद्दल विचारले जाते म्हणून सांगतो: ती असावी, पण तिच्यावर विसंबू नये. आमच्या पेटीच्या कुलपाची किल्ली दोन वर्षे कोणाकडे होती, हे कोणालाच सांगता आले नाही. तोडली तेव्हा आत एक दिवाळीचे शुभेच्छापत्र निघाले.

पहिल्या काही आठवड्यांत काय दिसेल

बदल सुरू केल्यावर लगेच मोठ्या चुका समोर येत नाहीत. आधी क्षुल्लक तक्रारी येतात: पंखा आवाज करतो, हातमोजे सैल आहेत, लॉकरचे दार लागत नाही. प्रमुखाला वाटते, की यासाठी का एवढी मेहनत घेतली. वास्तविक माणसे पाण्यात पाय घालून खोली पाहत असतात. या तक्रारी झटपट निकाली काढाव्यात, जमणार नसेल तर का जमणार नाही ते सांगावे, आणि ‘एवढंच का?’ असे चुकूनही म्हणू नये. याच काळात नोंदलेल्या चुकांचा आकडा वाढतो, तेव्हा तो वाढणार आहे हे आपल्या वरिष्ठांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तक्ता लाल झाला म्हणून पहिल्याच महिन्यात आपलीच झडती होते आणि आपण पुन्हा जुन्या आवाजात बोलू लागतो.

आमच्या त्या वहीत ‘आज काय खटकले’ या रकान्यातली पहिली नोंद ‘रात्रीचा चहा गार असतो’ अशी होती. कॅन्टीनला सांगून थर्मास आणवला. गेजबद्दलची पहिली नोंद त्यानंतर सात आठवड्यांनी आली, पहाटे साडेतीनच्या सुमारास लिहिलेली, शेजारी दोन्ही रीडिंग आणि नगाचा क्रमांक टाकून. हस्ताक्षर त्याच ऑपरेटरचे होते.